युकीला सांगितलेलं ‘थांब’

आमच्या तात्सुनोच्या हौशी रेडिओ मंडळाने यंदा हाशिझुमे तेइझो यांच्या आठवणींची पुस्तिका काढली. कागद गुळगुळीत, फोटो ठसठशीत, मजकूर मात्र इतका गोड की दोन पानं वाचली की पाणी प्यावंसं वाटतं. तेइझो म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. गेल्या हिवाळ्यात ते गेले. पुस्तिकेतलं बहुतेक सगळं खरं आहे. आमच्या खोऱ्यात पहिला ट्रान्समीटर त्यांनी बांधला हे खरं, अख्ख्या पंचक्रोशीला मोर्स त्यांनी शिकवला हेही खरं. एक ओळ मात्र साफ खोटी आहे. ‘१९५५ साली प्रकृतीच्या कारणास्तव ते वर्षभर रेडिओपासून दूर होते.’ त्या वर्षी दाजींना साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

मंडळींनी ही झाकपाक चांगल्या मनाने केली, हे मला कळतं. पण त्या माणसाने आयुष्यात जी गोष्ट मान ताठ ठेवून केली, तीच आजारपणाच्या पांघरुणाखाली ढकलायची, हे माझ्याने गिळवत नाही. म्हणून मी, निशिवाकी कोसाकु, वय झालेलं, स्वभाव तिरसट, हे लिहायला बसलो आहे.

दाजी सोया सॉसच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात कारकून होते. विशीही ओलांडली नव्हती तेव्हाची गोष्ट. रेडिओ म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला धड ठाऊक नव्हतं, आणि या पोराने ओसाकाहून रेडिओचा एक काचेचा व्हॉल्व्ह मिळवला. सॉसच्या रिकाम्या बाटल्यांत टाकणखाराचं पाणी भरलं, त्यात धातूच्या पट्ट्या सोडल्या आणि वीज सरळ करायचं यंत्र घरच्या घरी उभं केलं. एरिअलचं एक टोक अंगणातल्या काकीच्या, म्हणजे त्या नारिंगी गोड फळाच्या, झाडाला आणि दुसरं थेट कारखान्याच्या धुराड्याला. मालकाला सांगितलं, कपडे वाळत घालायची तार आहे. धुराड्याच्या टोकाला कपडे कोण वाळत घालतं, असं मालकाने विचारलं नाही. मालक भला माणूस होता.

परवाना वगैरे भानगड तेव्हा नव्हती. म्हणजे कायद्यात असेल, पण हौशी माणसाला तो मिळतो हेच कुणाला माहीत नव्हतं. सुरुवातीचे सगळे चोरटेच होते, दाजीही. अंगठा आणि दोन बोटांत मोर्सची कळ धरायची आणि टिंब-रेघा हवेत सोडायच्या. एका पहाटे त्यांच्या टिंब-रेघांना फिलिपिन्समधल्या एका साखर कारखान्याच्या कारकुनाने उत्तर दिलं. ताई सांगायची, त्या दिवशी हे जेवले नाहीत आणि कामावरही अर्धा दिवस चुकीच्या पिंपांवर चिठ्ठ्या लावत बसले. पुढे काही वर्षांनी रीतसर परवाना आला आणि मग मात्र दाजी सोवळे झाले. कायद्याबाहेर एक टिंब टाकणार नाहीत. पण चोरट्यांबद्दल त्यांच्या मनात एक ओला कोपरा राहिला, कारण आपण कुठून आलो हे ते विसरले नव्हते.

चोरट्यांशी बोलायची आमच्यात एक रीत होती. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. उद्या कुणी पकडलंच, तर जे ठाऊक नाही ते तोंडातून निघणार कसं? चोरटा स्वतःला काहीतरी टोपणनाव घ्यायचा आणि तेवढ्यावर सगळं चालायचं. परवानेवाल्यांचं तसं नव्हतं. त्यांची नावं, पत्ते छापील यादीत सगळ्यांसाठी उघडे.

असा एक चोरटा दाजींना दर रविवारी सकाळी भेटायचा. टोपणनाव युकी. युकी म्हणजे बर्फ, त्यावरून तो थंडीच्या मुलखातला असावा, एवढाच दाजींचा तर्क. बाकी काही माहीत नाही. तरी त्याची कळ दाबायची तऱ्हा दाजी हजारांत ओळखायचे. जशी माणसाची चाल असते, तसा मोर्समध्ये प्रत्येकाचा हात असतो. युकीचा हात जरा रेंगाळणारा, शेवटची रेघ किंचित लांबवणारा. तो पोहायला जायचा तेव्हाच्या गमती सांगायचा, एका व्हॉल्व्हसाठी कसा पायपीट करून आला ते सांगायचा, आणि चार मिनिटांत गायब व्हायचा. आवरतं घ्यायचा म्हणूनच इतकी वर्षं कुणाच्या हाती लागला नव्हता. आमच्या ताईला तो आवडायचा नाही. “तोंड नाही, नाव नाही, आणि दर रविवारी माझ्या घरात,” म्हणायची.

एकेचाळीसच्या डिसेंबरातला पहिला रविवार. युकी आला. आमच्याकडे पहिला बर्फ पडला, म्हणाला. तेवढ्यात खालून ताईने हाक मारली. मुळ्यांचं लोणचं घालायचे दिवस. वाळवलेले मुळे, कोंडा आणि मीठ पिंपात भरून झालं होतं, आता वर दाबायचा दगड तिला एकटीला उचलवत नव्हता. दाजींनी युकीला ‘थांब’ अशी खूण पाठवली. आमच्यात ‘थांब’ला वजन असतं. एकाने थांब म्हटलं की दुसऱ्याने तिथेच बसायचं, आणि म्हणणाऱ्याने परत येऊन रीतसर निरोप घ्यायचा. दाजी खाली उतरले, दगड ठेवला, हात झटकले, आणि कुंपणापलीकडून आळीतल्या घरांच्या सरकारी शेजारगटाचे प्रमुख ओगुरा यांनी त्यांना पाहिलं.

“बरे सापडलात. आळीतलं एक पोरगं चीनच्या लढाईला निघालंय, सगळ्यांनी स्टेशनवर यायचंय. हा झेंडा धरा.”

त्या काळात ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. आणि काय सांगणार? वर एक चोरटा खोळंबलाय, म्हणून? दाजी गेले. गाडी उशिरा आली, भाषणं लांबली, मग मुलाच्या बापाने सगळ्यांना घरी नेलं. दिवेलागणीला परत येऊन त्यांनी युकीला हाक घातली. उत्तर नाही. कंटाळून गेला असेल, पुढच्या रविवारी माफी मागू, असं म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेशी युद्ध पुकारलं गेलं. त्याच दिवशी सगळ्या हौशी केंद्रांना बंदी झाली. माणसं आली आणि ट्रान्समीटर घेऊन गेली. काकीच्या झाडाची तारसुद्धा काढून नेली.

युद्ध संपलं तरी बंदी उठली नाही. आम्ही तरण्या लोकांनी लष्कराच्या भंगारातून सुटे भाग आणले आणि चोरून सुरू केलं. दाजींना कळलं तसे ते माझ्या घरी आले, भिंतीतला प्लग उपटला आणि वायर गुंडाळून खिशात घातली. मी भडकलो. तुम्ही स्वतः चोरटे होतात तेव्हा? आता कायद्याचे जावई झालात काय, असं नाही नाही ते बोललो.

“कोसाकु, तुम्ही चोरून बोललात तर परवाने आणखी लांबतील,” ते म्हणाले. “आणि मी चोरून बोललो आणि सापडलो, तर मला कधीच मिळणार नाही. मी त्याला थांब म्हटलंय. त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. हवेशिवाय त्याला शोधायची जागा नाही माझ्याकडे.”

तेव्हा मला समजलं, या माणसाचा जीव कशात अडकला आहे. त्यांना परवाना नको होता. त्यांना एका माणसाची माफी मागायची होती, आणि परवाना ही त्याच्या दाराची एकुलती एक वाट होती. वर्षामागून वर्षं त्यांनी टोकियोला अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आणि गावातल्या पोरांना धाकात ठेवलं. पोरं त्यांना मागून ‘दारोगा’ म्हणायची. ताईने त्या रविवारनंतर मुळ्याचं लोणचं कधी घातलं नाही. विकत आणायची. चव नाही म्हणून मी कुरकुर केली की विषय बदलायची.

बावन्न साली परवाने आले. दाजींनी पहिल्या रविवारी कळ हातात घेतली ती जगाला हाक घालायला नाही. ‘युकी, युकी. हाशिझुमे. थांबवल्याबद्दल क्षमा. परत आलो आहे.’ मग ऐकत बसायचे. पुन्हा तेच. असं दर रविवारी सकाळी, युकीच्या वेळेला. इतर केंद्रं त्या वेळी हवेतली ती जागा मोकळी सोडू लागली. थट्टाही व्हायची, म्हाताऱ्याची पूजा चाललीय म्हणून. एकदा कुणा विद्यार्थ्याला दया आली असेल किंवा खोडी काढायची असेल, त्याने ‘युकी बोलतोय’ म्हणून उत्तर दिलं. दाजी एकदम पुढे झुकले. दोन-तीन अक्षरं ऐकली आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “हा तो नाही,” म्हणाले आणि खाली जाऊन चुलीपाशी बसले. रागावले नाहीत. पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा म्हातारे दिसले.

चोपन्नच्या नोव्हेंबरात, अशाच एका रविवारी सकाळी, दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, हातात कापडात बांधलेलं काहीतरी, बोटांच्या पेरांत लाखेचा काळा रंग मुरलेला. मी जेवायला आलो होतो, ताईने सोमेन शेवया उकडायला घातल्या होत्या. बाईने दारातच वाकून नमस्कार केला.

“मी ताकिगुची मित्सुए. वाजिमाहून आले. हाशिझुमेसान इथंच राहतात ना? युकी माझा भाऊ.”

दाजी वरून कसे खाली आले मला आठवत नाही. जिना त्यांनी बहुधा पाहिलाच नाही. समोर बसले आणि पहिला प्रश्न विचारला, “कसा आहे तो?”

“गेला. चव्वेचाळीसच्या वसंतात. योहेई त्याचं नाव.”

दाजींनी मान खाली घातली. ते नाव ओठांत एकदा म्हणून पाहिलं. बाई मात्र त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, जणू काही जुळत नव्हतं. मग तिने जे विचारलं ते आम्हाला कुणालाच उमगलं नाही.

“तुम्हाला त्या रविवारी कधी नेलं? आणि सोडलं केव्हा?”

“मला? मला कुणी नेलं नाही.”

ताईने तिच्यापुढे चहा ठेवला, तो तसाच राहिला. मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. त्या सकाळी ती भावाशेजारी बसली होती. तो बोलायचा आणि ती ऐकायची, ऐकून ऐकून तिनेही मोर्स उचलला होता. थांब अशी खूण आली. तो थांबला. बराच वेळ झाला तरी हाशिझुमे परतेनात, तेव्हा त्याने विचारलं, ‘आहात ना?’ उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, दादा, बंद कर, आपण एवढा वेळ कधी बसत नाही. तो म्हणाला, थांब सांगून न येणारा हा माणूस नाही. परवानेवाला असून चोरट्याशी बोलतो म्हणून त्याला पकडलं असणार. माझ्यामुळे. आणि तो दुपारभर विचारत राहिला. चार मिनिटांच्या वर जो कधी हवेत राहिला नव्हता, तो एकाच जागेवरून तासन्‌तास हाका घालत होता. चोरट्या रेडिओंचा माग काढणाऱ्या पोलिसांना आणखी काय हवं होतं? अंधार पडायच्या आत ते दारात होते.

दुसऱ्या दिवशी युद्ध सुरू झालं, आणि विनापरवाना ट्रान्समीटरवाला म्हणजे हेर, हे उघडच होतं. कोणाशी बोलत होतास, एवढंच ते विचारायचे. तो म्हणायचा, कुणाशीच नाही, एकटाच बडबडत होतो. हिवाळाभर विचारलं. मारून विचारलं, गार फरशीवर निजवून विचारलं. घरी पाठवला तेव्हा छातीतून आवाज यायचा. पत्र लिहू का हाशिझुमेंना, असं मित्सुएने विचारलं, तर त्याने हात धरला. पत्र गेलं तर दोघांचा संबंध सिद्ध होईल, ते आत असतील तर आणखी अडकतील.

“शेवटपर्यंत तेच धरून होता,” ती म्हणाली. “आपल्यामुळे तेइझोसान तुरुंगात गेले. आम्हाला वाटायचं, तुम्ही तिथंच संपलात. यंदा आमच्याकडच्या मच्छीमार संस्थेतला रेडिओवाला म्हणाला, तात्सुनोचा कुणी म्हातारा दर रविवारी युकीला हाक मारतो. मला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. कुठं गेला होतात तुम्ही त्या दिवशी?”

दाजींना खोटं बोलता आलं असतं. स्टेशनचं सांगितलं असतं तरी ते खरंच होतं. पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

“लोणच्यावर दगड ठेवायला खाली आलो होतो.”

ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. “मीच हाक मारली होती,” ती म्हणाली. “मला उचलवला असता तो, जरा जोर लावला असता तर.” आणि ती तिथेच, चुलीपुढे, तोंडाला पदर लावल्यासारखी किमोनोची बाही लावून रडू लागली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तिचा स्वतःचा मुलगा वारला तेव्हाही नाही.

मला वाटलं, ही बाई आता उठेल आणि निघून जाईल. जावंच, असंही वाटलं. मी तिच्या जागी असतो तर शेवयांचं पातेलं पालथं करून गेलो असतो. ती उठली खरी, पण ताईजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. “म्हणजे त्यांना कुणी मारलं नाही,” ती ताईला म्हणाली. “एवढं त्याला कुणी सांगायला हवं होतं. सुखाने गेला असता.”

मग ती दाजींकडे वळली. युकीची वेळ होत आली होती. “शेवट राहिलाय,” ती म्हणाली. “निरोप घ्यायचा राहिलाय. तेवढं करून मी जाते.”

आम्ही वर गेलो. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. परवाना नसलेल्या माणसाला कळीला बोट लावू देणं हा गुन्हा आहे, आणि तो परवानेवाल्याचा गुन्हा धरतात; वर्षभरासाठी परवानाही जातो. त्याच उन्हाळ्यात दाजींनी गावातल्या मुरोई गुरुजींच्या पोराला महिनाभर केंद्र बंद ठेवायला लावलं होतं, का, तर त्याने मित्राला चार अक्षरं पाठवू दिली. पोराच्या आईने येऊन हातापाया पडून पाहिलं होतं, दाजी बधले नव्हते. असा माणूस. मी खोलीच्या दारात उभा होतो. दाजींनी नेहमीसारखी हाक घातली, ‘युकी, युकी. हाशिझुमे.’ मग खुर्ची मागे सरकवून ते उठले आणि कळ बाईसमोर केली. मी “दाजी,” म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मित्सुए बसली. पहिली दोन अक्षरं चुकली. मग हात बसला, आणि तिने भावाच्या वतीने पाठवलं. ‘हाशिझुमे, युकी. सुखरूप आहात हे कळलं. जीव भांड्यात पडला. आता बंद करतो.’

दाजींनी उभ्यानेच वाकून कळ घेतली. ‘फार वेळ थांबवलं. क्षमा कर, योहेई. नमस्कार.’ चोरट्याचं खरं नाव हवेत घेऊ नये, ही आमची रीतही त्यांनी त्या दिवशी मोडली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. खाली ताई जिन्याशी उभी राहून विचारत होती, काय म्हणाला तो, काय म्हणाला? तिला मोर्स येत नव्हता. मी खाली जाऊन तिला शब्दन्‌शब्द सांगितला.

हवेत कुणी काही बोललं नाही. जपानभरच्या कितीजणांनी ते ऐकलं असेल, अनोळखी हात सगळ्यांच्याच लक्षात आला असेल. एकानेही तक्रार केली नाही. दुपारी मित्सुए गेली. कापडात बांधून आणलेला लाखेचा वाडगा, योहेईच्या हातचा, तिने ताईला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी कोट-टोपी घालून निघाले. कुठे, ते मी ओळखलं आणि मागे धावलो. गाडीत भांडलो, उतरून परवान्याच्या कचेरीपर्यंत चालताना भांडलो. कुणी विचारलेलं नाही, कुणी विचारणार नाही, तुमचं वय झालंय, एवढ्या वर्षांनी हातात आलेला परवाना कशाला आपल्या हाताने नेऊन देता, लोक तुम्हाला वेडा म्हणतील. सगळं बोलून झालं. ते ऐकत चालत राहिले. कचेरीच्या पायरीवर थांबले तेव्हा मला वाटलं, पटलं एकदाचं.

“हिवाळाभर मार खाल्ला त्याने, पण माझं नाव सांगितलं नाही,” दाजी म्हणाले. “निदान मी तरी माझं सांगतो.”

टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि ते आत गेले. मी बाहेर बाकावर बसून राहिलो.